मगर, घोडा आणि कॉलरचा टी-शर्ट

मागच्या खेपेला आम्ही न्यायदर्शनातला कारणविचार सांगत होतो. घट आणि पट, म्हणजे मडके आणि कापड, या दोन उदाहरणांवर आपल्या तार्किकांनी शेकडो वर्षे कशी काढली, हे आपण पाहिले. व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता थांबला. उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पात त्याचे शिवणकामाचे छोटे युनिट आहे. म्हणाला, "सर, तुम्ही पट पट म्हणत होतात, आमचा धंदाच पटाचा आहे. एक विचारू?" आणि पिशवीतून त्याने एक टी-शर्ट काढला. निळा, कॉलरचा, दोन बटणांचा.

त्याची अडचण अशी. एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते साठ शर्टांची ऑर्डर घेऊन आले. छातीवर मगर हवी, म्हणाले. याने नकार दिला, तर ते हसले. "उल्हासनगरात बसून साधुपणा कसला करतोस? तुमच्याकडे सगळंच डुप्लिकेट." तो आम्हाला म्हणाला, "सर, मगर लावली तर चोरी, हे कळतं. पण शर्टसुद्धा मुळात कोणाचा तरी असेलच ना? मग मगर न लावता नुसता शर्ट शिवतो, तेव्हाही मी चोरीच करतो का?"

आम्ही चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला. त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण ते आमच्याकडे तयार नव्हते. आजचे व्याख्यान त्याच्यासाठी. तो आज आला आहे, मागच्या रांगेत बसला आहे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शर्टाचे मूळ शोधायला मात्र हरकत नाही, फक्त त्यात एक मौज आहे. आपण एक झरा शोधायला जातो आणि हाती येतात तीन-चार, शिवाय त्यांतला एकही दुसऱ्याला 'मी मुख्य' म्हणू देत नाही.

आधी वस्तू नीट पाहू. सकाळी साडेसातला अंबरनाथच्या फलाटावर उभे राहा, नाहीतर बदलापूरच्या. दहा पुरुषांत तीन-चार जणांच्या अंगात हा शर्ट दिसेलच. मऊ, पसरट कॉलर. गळ्यापासून छातीपर्यंत चिरलेली पट्टी, तिला दोन किंवा तीन बटणे. अर्ध्या बाह्या, बाहीच्या तोंडाशी रिबची पट्टी. समोरून पूर्ण उघडत नाही, डोक्यातून घालावा लागतो. कापड साध्या बनियनसारखे गुळगुळीत नसते, बोट फिरवले तर बारीक दाणे लागतात. आपल्या बाजारात या कापडाला 'मॅटी' म्हणतात, कोणी 'पीके' म्हणतात. हे पीके म्हणजे फ्रेंच 'पिके' शब्दाची आपल्या व्यापाऱ्यांनी केलेली दोन अक्षरी सोय. आणि दुकानाच्या पाटीवर या शर्टाचे नाव असते 'पोलो'.

पोलो म्हणजे घोड्यावरून खेळायचा खेळ. आता हा खेळ तर आपल्याच भागातला! शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी वाचले आहे की कुतुबुद्दीन ऐबक 1210 साली लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला. चौगान म्हणजे याच खेळाचे फारसी नाव. मणिपूरमध्ये तो 'सगोल कांगजेई' म्हणून खेळत, अजूनही खेळतात. तिथे तो पाहून शेरर आणि स्टुअर्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चहाच्या मळेवाल्यांना हाताशी धरून 1859 मध्ये सिलचरला पोलो क्लब काढला. 1862 मध्ये कलकत्त्याला निघाला. 1869 मध्ये इंग्लंडमध्ये लष्करी अधिकारी हा खेळ खेळू लागले. 'पोलो' हा शब्दही इंग्रजी नव्हे. हिमालयापलीकडच्या बाल्टी-तिबेटी बोलीत चेंडूला 'पुलू' म्हणतात, त्याचे हे रूप.

जाता जाता, बदलापूरकरांसाठी. आपल्या गावात पूर्वी प्रवासी थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून बदलापूर, अशी गावाच्या नावाची कथा सांगतात. ती खरी की लोकांनी मागाहून रचलेली, यावर आम्ही पैज लावणार नाही. पण घोड्याचे नाव लावून मिरवणारा शर्ट, घोड्याचे नाव लावून मिरवणाऱ्या गावात येऊन पोचला, हे आम्हाला आवडते.

तर पोलोच्या मैदानावर इंग्रज साहेब लांब बाह्यांचे शर्ट घालून खेळत. घोडा दौडू लागला की कॉलर उडून तोंडावर येई, म्हणून कॉलरच्या टोकांना बटणे लावून ती खाली जखडत. 1896 मध्ये न्यूयॉर्कच्या 'ब्रुक्स ब्रदर्स' या जुन्या दुकानाच्या जॉन ब्रुक्स यांनी इंग्लंडात हे पाहिले आणि तसा शर्ट अमेरिकेत विकायला सुरुवात केली, असे ती मंडळी सांगतात. त्यालाही नाव दिले 'पोलो'च. पण तो कोणता शर्ट? तो समोरून पूर्ण उघडणारा, ऑफिसात घालायचा, ज्याला आपण बटन-डाउन कॉलर म्हणतो तो. आपला निळा शर्ट तो नव्हे. म्हणजे नावाचा झरा सापडला, पण शर्ट तिथे नाही. शर्ट शोधायला आपल्याला घोड्यावरून उतरून टेनिसच्या कोर्टावर जावे लागते.

रेने लाकोस्त. जन्म 1904, पॅरिस. घरची मोठी श्रीमंती, वडील मोटारी बनवणाऱ्या कंपनीत वरच्या पदावर. विम्बल्डन दोनदा जिंकला, फ्रेंच अजिंक्यपद तीनदा, अमेरिकन अजिंक्यपद 1926 आणि 1927 असे लागोपाठ दोनदा. पण तो निसर्गाने घडवलेला खेळाडू नव्हता. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या नोंदी वह्यांत लिहून ठेवी. सरावासाठी चेंडू फेकणारे यंत्र त्याने तयार केले. पुढे 1960 च्या दशकात लाकडी रॅकेटच्या जागी पोलादी रॅकेट आणली. थोडक्यात, इंजिनियरच्या डोक्याचा माणूस. अशा माणसाला घाम आला की तो घाम पुसून थांबत नाही, शर्टाकडे बघतो.

आणि त्या काळचा टेनिसचा शर्ट होता कसा? मागावर विणलेल्या कापडाचा, लांब बाह्यांचा, खळ दिलेल्या कडक कॉलरचा. खाली फ्लॅनेलची लांब पांढरी विजार. खेळताना बाह्या दुमडायच्या, त्या सारख्या खाली घसरायच्या. उन्हाळ्यात अमेरिकेत अशा कपड्यात पाच सेट खेळायचे! लाकोस्तने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितले की आपल्या एका इंग्रज उमराव मित्राला त्याने पोलोचा विणीचा शर्ट घालून टेनिस कोर्टावर आलेला पाहिले, कल्पना आवडली, आणि इंग्लंडच्या शिंप्याकडून तसे काही शर्ट करून घेतले. 1926 च्या अमेरिकन स्पर्धेत तो अर्ध्या बाह्यांचा विणीचा शर्ट घालून उतरला.

बघा, पोलोचा घोडा इथे पुन्हा डोकावून गेला. म्हणजे लाकोस्तनेही कुणाचे तरी पाहिलेच होते.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला, तिथे येतो. हा शर्ट वेगळा ठरला तो कॉलरमुळे नव्हे, कापडामुळे.

मागच्या वेळचे आठवा. न्यायमताप्रमाणे पटाची कारणे तीन प्रकारची. धागे हे समवायिकारण: ज्यात पट राहतो, जे काढून घेतले तर पट उरतच नाही. धाग्यांचा एकमेकांशी असलेला संयोग हे असमवायिकारण. आणि विणकर, माग, धोटा ही निमित्तकारणे: कापड तयार झाल्यावर ती बाजूला गेली तरी कापडाचे काही बिघडत नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पहिल्या वर्षाचे विद्यार्थी हेच घोकतात, आणि बहुतेकांना तो संयोग म्हणजे काय ते कधीच कळत नाही. आम्हालाही, खरे सांगायचे तर, फार उशिरा कळले, आणि तेही घरात स्वेटर विणताना पाहून.

मराठीत एक गंमत आहे. मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. क्रियापद एकच. पण क्रिया दोन आहेत, आणि अगदी भिन्न आहेत. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरून-खालून, वरून-खालून जातो. सगळे धागे सरळ आणि ताणलेले. म्हणून धोतर, चादर, शर्टिंग लांबीत किंवा रुंदीत ओढले तर फारसे ताणत नाही. सुयांवरच्या विणीत उभे-आडवे असे काही नसतेच. एकच धागा, त्याचे फास, म्हणजे टाके. एका ओळीच्या फासातून पुढच्या ओळीचा फास ओढून घ्यायचा. फास वाकडा असतो, त्यामुळे त्याला सरळ व्हायला जागा असते. ओढले की तो लांबतो, सोडले की परत येतो. बनियन अंगाला चिकटते आणि हात वर केला तरी काखेत काचत नाही, ते यामुळे. धागा तोच, सुती. संयोग बदलला, आणि कापडाचा स्वभाव बदलला. विद्यार्थ्याला असमवायिकारण शिकवायचे असेल, तर त्याला एका हातात रुमाल द्यावा आणि दुसऱ्या हातात बनियन. पाठांतराची गरज पडणार नाही.

साध्या बनियनची वीण मात्र पातळ आणि लोळागोळा होणारी. घाम आला की अंगाला चिकटून बसते. पीके किंवा मॅटी विणताना एक युक्ती करतात. सगळे टाके सारखे न विणता, ठराविक अंतराने काही टाके सुईवर तसेच धरून ठेवायचे आणि पुढच्या ओळीच्या धाग्याबरोबर एकत्र विणायचे. घरी विणणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. धरून ठेवलेल्या टाक्यापाशी धागा दुहेरी होतो, तिथे दाणा उठतो, आणि शेजारी खळगा राहतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. दाणे तेवढे अंगाला टेकतात, खळग्यांतून हवा खेळते. कापड थोडे जाडही होते, म्हणून त्यावर कॉलर उभी राहू शकते, जे बनियनच्या कापडावर जमत नाही. लाकोस्तच्या शर्टाचे सारे मर्म या धरून ठेवलेल्या टाक्यात आहे. त्यावर मऊ कॉलर, जी उन्हात मानेवर उभी करता येते. बाहीला रिब, म्हणजे ती घसरत नाही. आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब, म्हणजे सर्व्हिस करताना वाकले तरी शर्ट विजारीतून निघत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण आहे, शोभेचे काही नाही.

आता ही वीण लाकोस्तने शोधली का? नाही. विणकामाचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने 1589 मध्ये केले, ते मोजे विणायला. मोज्याला इंग्रजीत 'होज' म्हणत, त्यावरून 'होजिअरी', आणि म्हणून आपण आजही बनियन घ्यायला होजिअरीच्या दुकानात जातो. फ्रान्समध्ये त्रुआ नावाचे गाव याच धंद्यावर जगत होते. तिथले विणीच्या मालाचे मोठे कारखानदार आंद्रे जिलिए. 1933 मध्ये लाकोस्त आणि जिलिए यांनी भागीदारीत कंपनी काढली. घामाचा अनुभव एकाचा, यंत्रे आणि कारागीर दुसऱ्याचे. शर्टाला त्यांनी मालाचा क्रमांक दिला, एल 12.12. एल म्हणजे लाकोस्त, 1 म्हणजे हे कापड, 2 म्हणजे अर्धी बाही, आणि शेवटचे 12 म्हणजे बारावा नमुना पसंत पडला. अकरा नमुने बाद झाले! त्या अकरा शर्टांवर ज्यांचे हात झिजले, ते त्रुआचे विणकर आणि शिवणारे. शर्टावर नाव त्यांचे नाही, हे आपण इथे नोंदवून ठेवू.

आणि मगर? ती पैजेतून आली. 1920 च्या दशकात डेव्हिस कपसाठी फ्रेंच संघ बोस्टनला गेला असता लाकोस्तने दुकानात मगरीच्या कातड्याची बॅग पाहिली. कप्तान म्हणाला, सामना जिंकलास तर घेऊन देतो. तो हरला, बॅग मिळाली नाही, पण वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला 'मगर' करून टाकले. रोबेर जॉर्ज या मित्राने मगरीचे चित्र काढून दिले, ते त्याने आपल्या कोटावर भरतकामाने लावून घेतले. नंतर ती शर्टाच्या छातीवर आली. त्याआधी कपडे कोणी केले हे सांगणारी चिठ्ठी कॉलरच्या आत लपलेली असे. ती बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी मिरवायची पद्धत या मगरीने रूढ केली. हरलेल्या पैजेची आठवण जगभर प्रतिष्ठेची खूण झाली, हे जरा ध्यानात ठेवा.

यापुढचे भराभर सांगतो. टेनिसचा हा शर्ट इतका सोयीचा निघाला की पोलोवाल्यांनीच तो उचलला, आणि लोक त्याला पोलो म्हणू लागले. 1951 पर्यंत लाकोस्त मुख्यतः पांढराच होता, मग रंग आले. 1952 मध्ये इंग्लंडचा फ्रेड पेरी याने आपला शर्ट काढला, त्यावर मगरीऐवजी पानांचा गोल हार. पेरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचे वडील सूतगिरणीतले कामगार, पुढे सहकारी चळवळीतून खासदार झालेले. पेरीने 1934 ते 1936 अशी सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकले, पण क्लबातल्या बड्यांनी कामगाराच्या पोराला आपला मानले नाही, आणि तो सल त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवला. त्याचा शर्ट पुढे इंग्लंडातल्या साध्या घरांतल्या तरुणांनी अंगावर चढवला. मग 1972 मध्ये अमेरिकेत राल्फ लॉरेनने चोवीस रंगांत हा शर्ट काढला, छातीवर घोडेस्वार. त्याच्या धंद्याचे नावच 'पोलो'. अमेरिकेतली पोलो खेळाची खरीखुरी संघटनाही शर्ट विकते, तिच्याही शर्टावर घोडेस्वार. पोलो हा शब्द कोणाचा, घोडा कोणाचा, यावर ही दोघे वर्षानुवर्षे कोर्टात भांडली. मणिपूरचा घोडा मात्र कोणी साक्षीला बोलावला नाही.

आता आपल्या गावात येऊ. उल्हासनगर हे गाव म्हणून जुने नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून निघालेले सुमारे लाखभर लोक त्या बराकींत येऊन पडले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव दिले. 'कॅम्प एक', 'कॅम्प पाच' हे पत्ते छावणीच्या काळापासूनचे. आपण त्यांचा उच्चार इतक्या सहज करतो की त्यात निर्वासितांची छावणी ऐकू येत नाही.

हातात जमीन नाही, तीन पिढ्यांची पेढी नाही, गिऱ्हाईक ओळखीचे नाही. अशा माणसाने काय करायचे? थोड्या भांडवलात, घरातल्या खोलीत सुरू होईल असे काही. पापड, मिठाई, शिवणकाम. शिलाई मशीन एका खोलीत बसते आणि तिला जात-गाव विचारत नाहीत. त्यातून गजानन मार्केट, जपानी बाजार, पाच नंबरचा जीन्सचा धंदा हे सारे उभे राहिले. आज त्या मशिनींवर नुसते सिंधी नाहीत. मराठी आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आहेत.

आणि त्याबरोबर तो विनोद आला, जो तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे: 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आम्हीही वर्गात तो सांगून हशा मिळवला आहे. आता वाटते, सांगायला नको होता. विनोद खोटा आहे म्हणून नव्हे. नकली माल इथे झाला, होतो, पोलिसांच्या धाडी पडतात, हे काही गुपित नाही. पण त्या विनोदाने दोन निरनिराळ्या गोष्टींची एक मोट बांधली. एक, दुसऱ्यासारखी वस्तू बनवणे. दोन, दुसऱ्याचे नाव लावणे. आमच्या तरुण मित्राचा प्रश्न नेमका या मोटेची गाठ सोडवतो.

दुसऱ्यासारखी वस्तू बनवणे ही जर चोरी असेल, तर तिची सुरुवात उल्हासनगरात होत नाही. लाकोस्तने पोलोवाल्याचे पाहून शर्ट केला, जॉन ब्रुक्सने इंग्रज खेळाडूंची कॉलर उचलली, पेरी आणि लॉरेन यांनी लाकोस्तचा साचा घेतला, आणि तो खेळ तर सगळ्यांनीच आपल्याकडून नेला. धाग्यांचा तो विशिष्ट संयोग एकदा जगाला कळला की तो कोणाच्या घरी कोंडून ठेवता येत नाही. कायदाही तेच म्हणतो. आपल्याकडे वस्तूच्या घडणीची नोंदणी केली तर तिला जास्तीत जास्त पंधरा वर्षे संरक्षण मिळते. 1933 ची घडण आज सर्वांची आहे. कॉलर, पट्टी, दोन बटणे, मॅटी: खुशाल शिवा. त्याला 'पहिली कॉपी' म्हणायचीही गरज नाही. तो शर्ट आहे, त्याच्यासारखाच खरा.

मगरीचे तसे नाही. चिन्हाचे संरक्षण दर दहा वर्षांनी नूतन करता येते, कितीही काळ. असे का? कारण मगर हा शर्टाचा भागच नाही. धागा नाही, धाग्यांचा संयोग नाही. काढली तर शर्टाचे एक टाकेही कमी होत नाही. मग ती आहे काय? ते एक वाक्य आहे. 'हा शर्ट अमक्यांनी केला' असे ते वाक्य म्हणते, म्हणजे निमित्तकारणाविषयी बोलते. आणि वाक्य खरे असते किंवा खोटे. कापड खोटे असू शकत नाही हो, कापड फार तर वाईट असेल. खोटे बोलते ती मगर. तेव्हा, मित्रा, तुझ्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे: शर्ट शिवतोस तेव्हा तू चोरी करत नाहीस. मगर लावलीस तर चोरीपेक्षाही ते खोटे बोलणे होईल, आणि ते खोटे आधी तुझ्याच विरुद्ध असेल, कारण 'हा मी केला' हे खरे वाक्य पुसून तू तिथे दुसऱ्याचे नाव लिहितोस. शिवाय त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे, हे वकील सांगतीलच.

इथे कोणी म्हणेल, मोठ्यांमध्येही मगरींची भांडणे आहेतच की. आहेत. सिंगापूरच्या 'क्रोकोडाइल' कंपनीचीही मगरच, तिचे तोंड डावीकडे, लाकोस्तच्या मगरीचे उजवीकडे. लाकोस्तने 2001 मध्ये दिल्लीत दावा लावला, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी लाकोस्तच्या बाजूने निकाल दिला. तेवीस वर्षे लागली. न्यायालयाने विचार केला तो कापडाचा नव्हे, पाहणाऱ्याची फसगत होईल का, याचा. म्हणजे पुन्हा वाक्याचाच.

राहिला त्या कार्यकर्त्यांचा हट्ट. त्यांना मगर का हवी? उन्हात मान झाकायला नव्हे. मगर म्हणजे श्रीमंत माणसाच्या छातीवर असते ती. पण जरा आजूबाजूला पाहा, हा शर्ट आता कोणाचा आहे? घरी सामान आणून देणाऱ्या मुलांचा, पेट्रोल पंपावरच्या कामगारांचा, मॉलमधल्या सुरक्षारक्षकांचा, शाळेच्या खेळाच्या तासाचा. गोविंदा पथकांचा, ज्यांच्या पाठीवर पुढाऱ्याचा फोटो असतो आणि थर कोसळला तर खाली तीच पाठ आपटते. एके काळी ज्याला काम नाही त्याने खेळायला घातलेला शर्ट आज ज्याला कामातून उसंत नाही त्याचा गणवेश आहे. कारण पुन्हा तेच, कापड. घामात चिकटत नाही, हात वर केला तर काचत नाही, इस्त्री नसली तरी चालते, आणि कॉलर असल्यामुळे साहेबासमोर उभे राहता येते. लाकोस्तला पाच सेटसाठी जे हवे होते, तेच बारा तास मोटारसायकल चालवणाऱ्याला हवे आहे.

फक्त एक बदल झाला. स्वस्त मॅटीत सुताऐवजी बरेचदा पॉलिएस्टर असते. दाणे दिसतात तसेच, खळगे दिसतात तसेच, पण धागा घाम पीत नाही. संयोग राखला आणि समवायिकारण बदलले. गणवेश कंपनी ठरवते, उन्हात तो घालणारा ठरवत नाही. डुप्लिकेट हा शब्द वापरायचाच असेल, तर आम्ही तो इथे वापरू.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, त्यांपैकी दोन घेतो. त्या साठ शर्टांचे काय झाले, असे एका गृहस्थांनी विचारले. मागच्या रांगेतून उत्तर आले: "चाळीसच झाले, सर. वीस जणांनी दुसरीकडून मगरीचे घेतले. चाळिसांवर मंडळाचं नाव आहे, आणि आत कॉलरपाशी आमच्या युनिटची चिठ्ठी."

दुसरा प्रश्न एका ताईंचा. यजमानांच्या सगळ्या टी-शर्टांच्या कॉलरी दोन-तीन धुण्यांतच वळतात, हे कोणते कारण? अहो ताई, कॉलर वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या विणीने केलेली पट्टी असते, ती अंगाच्या कापडाला नंतर जोडतात. दोन विणी, दोन स्वभाव. गरम पाण्यात दोन्ही सारख्या आटत नाहीत आणि कॉलर गुंडाळत जाते. थंड पाण्यात धुवा, बटणे लावून धुवा, पिळू नका. ओला असतानाच कॉलर हाताने ओढून सरळ करा आणि सावलीत वाळत घाला, दोरीवर खांद्यातून नव्हे, खालच्या कडेने.